आधी तालीम, मग खुर्च्या

युवा महोत्सव तोंडावर आला की सोलापुरातल्या कुठल्याही महाविद्यालयात संध्याकाळी पाचनंतर एक फेरी मारावी. जिन्याखालच्या कोपऱ्यात एकांकिकेची तालीम चाललेली असते. वाहनतळावरच्या गाड्या हलवून लोकनृत्याचा संघ सिमेंटवर पाय आपटत असतो. हलगी वाजवणाऱ्या पोरांना गच्चीवर पाठवलेले असते, कारण खाली परीक्षा विभाग आहे. समूहगानाचा संघ मराठीच्या वर्गात, बाकांच्या दोन ओळींमध्ये दाटीवाटीने उभा असतो. आणि पुष्कळदा याच आवारात चार-पाचशे खुर्च्यांचे एक सभागृह असते, त्याला कुलूप असते. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या असल्यामुळे तिथे मोकळी जमीन उरलेली नसते. रंगमंचावर पुढच्या कार्यक्रमाचे टेबल आणि हार घातलेली तसबीर तशीच असते. दिवे लावले तर बिल येते.

हे कोणा एका संस्थेचे चित्र नाही आणि यात कुणाचा वाईट हेतूही नाही. ज्यांनी सभागृह बांधले त्यांनी कलेवरच्या प्रेमानेच बांधले. पण त्यांच्या डोळ्यांसमोर कार्यक्रम होता. कलेच्या विभागाचे वर्षातले बहुतेक दिवस कार्यक्रमात जात नाहीत, ते रियाजात आणि तालमीत जातात. या पुस्तिकेत महाविद्यालयाच्या संगीत, नृत्य आणि नाट्य विभागासाठी जागेचे नियोजन कसे करावे याची माहिती आहे. तिच्या पानापानांतून एकच आग्रह दिसेल: आधी तालमीचे तास मोजा, त्या तासांना पुरेल एवढी मोकळी जमीन राखा, आणि खुर्च्यांचा विचार सर्वांत शेवटी करा.

हा विषय आताच निकडीचा का झाला, तेही सांगायला हवे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. त्यात सहशैक्षणिक उपक्रमांना, ज्याला सगळे 'सीसी' म्हणतात त्याला, श्रेयांक मिळाले आणि त्या यादीत सादरीकरणाच्या कला आल्या. काल जी गोष्ट हौसेची होती ती आज गुणपत्रिकेवर आली. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. समजा, एखाद्या महाविद्यालयात १२० विद्यार्थ्यांनी दोन श्रेयांकांसाठी गायन, नृत्य किंवा नाट्य घेतले. वीस-वीसचे सहा गट पाडले तर प्रत्येक गटाला पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास लागतील. म्हणजे आठवड्याचे २४ तास. एकच खोली असेल आणि ती रोज सहा तास, आठवड्याचे सहा दिवस मोकळी असेल, तर तिच्या ३६ तासांपैकी दोन-तृतीयांश इथेच संपले. युवा महोत्सव, स्नेहसंमेलन, राज्यस्तरीय एकांकिका स्पर्धा आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा रियाज यांना उरले बारा तास. त्यातही गायनाचा गट आणि नृत्याचा गट एका खोलीत बसू शकत नाहीत, दोघांना लागणारी खोली वेगळी असते. एवढे गणित कागदावर मांडले की एका खोलीवर भागणार नाही हे दिसते. आपल्याकडे हे गणित न मांडताच नकाशे मंजूर होतात.

२००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेले आपले विद्यापीठ आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. जिल्ह्याच्या आकाराकडे पाहिले तर एका विद्यापीठाला पुरून उरेल एवढा कलावारसा इथे आहे. लावणी आणि पोवाड्याला शास्त्राचा डौल देणारे राम जोशी सोलापूरचे. शाहीर अमर शेख बार्शीचे. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा. 'कट्यार काळजात घुसली'मधली झरीना ज्यांनी गायली आणि जगली त्या फैय्याज सोलापूरच्या. 'घाशीराम कोतवाल' दिग्दर्शित करणारे जब्बार पटेल पंढरपुरात जन्मले आणि सोलापुरात शिकले. अतुल कुलकर्णी इथल्या 'नाट्य आराधना' या नाट्यसंस्थेत काम करून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. या प्रत्येकाच्या मागे कुणाचे तरी घर, कुणाचा तरी वाडा, एखाद्या शाळेचे सुटीतले दालन होते. माणसे जिद्दीने घडली, हे खरेच. पण ज्यांना असे घर किंवा असा वाडा लाभला नाही, त्यांच्यापैकी किती जण अर्ध्यावर राहिले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. महाविद्यालयाचे काम त्यांच्यासाठी आहे.

जागेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय सगळा नाट्यगृहाविषयी आहे. माणसांसाठी भरत जे मध्यम आकाराचे आयताकृती प्रेक्षागृह सांगतो ते ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर ९६ बाय ४८ फूट. याहून मोठे बांधू नये, कारण शब्द अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव पोचत नाहीत, असे कारणही तो देतो. वारा थेट आत येऊ नये, खिडक्या लहान असाव्यात, म्हणजे आवाज गंभीर राहतो, हेही तिथे आहे. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची वाटणी. ६४ हातांतले निम्मे, ३२ हात, प्रेक्षकांचे. उरलेल्या निम्म्यात रंगपीठ, रंगशीर्ष आणि मागे नेपथ्यगृह. म्हणजे अर्धी इमारत कलावंतांची. आज आपल्या एखाद्या महाविद्यालयीन सभागृहात हेच प्रमाण मोजून पाहा. रंगमंच वीस फूट खोल, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोल्या, त्यातल्या एकीत जनरेटरचे सामान. बाकी सगळे खुर्च्यांचे.

पाचशे खुर्च्या, त्यांच्यामधल्या वाटा धरून, सुमारे ३५०० ते ४००० चौरस फूट खातात. तेवढ्याच जमिनीत काय काय मावते ते मी इथे लिहितो, कारण इमारत समितीच्या बैठकीत हा आकडा उपयोगी पडेल. नाटकासाठी ४० बाय ४० फुटांचे एक मोकळे दालन, नृत्यासाठी ४० बाय ३० चे दुसरे, गायन-वादनाच्या वर्गासाठी ३० बाय २० ची खोली, तालवाद्यांसाठी ३०० चौरस फुटांची वेगळी खोली आणि एकट्याने रियाज करण्यासाठी ८ बाय १० च्या चार लहान खोल्या. बेरीज चार हजार चौरस फुटांच्या आसपास येते. भांडार आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांसाठी आणखी हजारभर धरा. खुर्च्या वर्षातून मोजक्या दिवशी भरतात. या खोल्या रोज सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत भरलेल्या राहतील.

नाटकाच्या दालनाला ४० फूट कशाला, असा प्रश्न हमखास येतो. जब्बार पटेलांच्याच नाटकाचे उदाहरण घ्या. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये बारा ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी गर्दी. खांद्याला खांदा लावून उभ्या बारा माणसांना २४ फूट लागतात. डुलायला, वळायला, दुभंगून वाट द्यायला तीस. दोन्ही बाजूंना विंगेसाठी पाच-पाच फूट धरले की चाळीस झाले. तालमीची जमीन रंगमंचापेक्षा लहान असेल तर दिग्दर्शकाला हालचाली आकसून बसवाव्या लागतात आणि प्रयोगाच्या दिवशी नट मोठ्या रंगमंचावर हरवतात. शहरातल्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलांची जी धांदल उडते, तिचे अर्धे कारण इथे आहे. दालनाची उंची सोळा-अठरा फूट असावी, वर लोखंडी पाइपांची जाळी असावी, भिंती काळ्या किंवा गडद असाव्यात आणि एकही खांब मधे येऊ नये. खुर्च्या ठोकू नयेत. लाकडी पेट्या, घडीच्या पायऱ्या असल्या की दीडशे प्रेक्षक तीन बाजूंनी बसवता येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे उचलून पुन्हा तालीम सुरू होते. मुंबईच्या पृथ्वी थिएटरमध्ये १९७८ पासून दोनशेच्या आसपास प्रेक्षक तीन बाजूंनी बसून नाटक पाहत आले आहेत. त्याआधी, १९७४ मध्ये, 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या हॉलमध्ये जे सुरू केले त्याला तर मराठी रंगभूमीच्या इतिहासात चळवळीचे नाव मिळाले. शाळेचा हॉल होता, पण तो मोकळा होता आणि सातत्याने मिळत होता.

विजेबद्दल एक सूचना. पूर्वीचा एक पार दिवा हजार वॉटचा. असे चोवीस दिवे म्हणजे २४ किलोवॉट, वर्गखोलीच्या वायरिंगवर हे चालणार नाही. एलईडीने हा भार बराच उतरला आहे, तरी थ्री-फेज जोडणी पहिल्या दिवसापासून घ्यावी आणि ध्वनियंत्रणेचे सर्किट दिव्यांच्या सर्किटपासून वेगळे ठेवावे. ते एकत्र झाले की स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही.

नृत्याच्या खोलीत मापापेक्षा जमीन महत्त्वाची. आपल्याकडे शहाबादी फरशी जवळची, स्वस्त आणि टिकाऊ. हल्ली तिच्या जागी गुळगुळीत टाइल आली. खाली काँक्रीट असल्यावर दोन्ही सारख्याच निष्ठुर. कथकची विद्यार्थिनी प्रत्येक पायात शंभर घुंगरू बांधून तत्कार करते तेव्हा पावलाचा प्रत्येक आघात टाचेतून नडगीत आणि गुडघ्यात परत येतो. विशीतल्या मुलींचे गुडघे आणि टाचा धरतात आणि घरचे म्हणतात, नाच सोडून दे. उपाय फार महाग नाही. काँक्रीटवर रबराचे तुकडे, त्यावर आडव्या-उभ्या लाकडी रिपांचे दोन थर, त्यावर जाड प्लायवूड आणि वरचा लाकडी थर. जमीन पावलाखाली किंचित दबते आणि उचलून देते. कडेला भिंतीशी अर्धा इंच फट ठेवावी, लाकूड हवेप्रमाणे फुगते-आकसते. वाळवीचा बंदोबस्त आधीच करावा. एका विद्यार्थिनीला हात पसरून गिरकी घ्यायला साठ चौरस फूट धरले तर वीस जणींना बाराशे, म्हणूनच ४० बाय ३०. आरसा एकाच भिंतीवर लावावा आणि त्यावर पडदा असावा; आरशात बघत नाचणाऱ्याची नजर प्रेक्षकांकडे वळायला पुढे फार वेळ लागतो. लेझीम, गजनृत्य असल्या प्रकारांसाठी मात्र ही खोली वापरू नये. लेझीम हा सोलापूरच्या गणेशोत्सवाचा प्राण आहे आणि त्याला आकाशाखालचे मुरमाचे मैदानच हवे. नियोजनात तेही मैदान राखीव ठेवावे. आज मोकळे दिसते म्हणून उद्या तिथे पत्र्याचे वाहनतळ येते.

आता संगीताच्या खोलीकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त हेळसांड इथेच होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

३० बाय २० फुटांची, १२ फूट उंचीची एक साधी खोली घ्या. चारही भिंतींना गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी. असे पृष्ठभाग त्यांच्यावर आदळणाऱ्या ध्वनीतला दोन-तीन टक्के भागच शोषतात, बाकीचा परत फेकतात. गणित केले तर या रिकाम्या खोलीत एक टाळी पूर्ण विरायला पाच ते सात सेकंद लागतात. द्रुत तीनतालात एका मात्रेला पाव सेकंद धरला, तर सोळा मात्रांचे आवर्तन चार सेकंदांत पुरे होते. म्हणजे समेवर पडलेली थाप पुढची सम येईपर्यंत खोलीतच असते. पंधरा विद्यार्थी येऊन बसले की हा काळ अडीच-तीन सेकंदांवर येतो, तरी बोल एकमेकांवर चढलेलेच राहतात. अशा खोलीत शिकणारी मुलगी श्रुती नेमकी ऐकू शकत नाही. गुरू सांगतात, गंधार चढा लागतोय, आणि तिला तो फरक ऐकू येत नाही, कारण मागचा रिषभ अजून भिंतींवर फिरत असतो. आपण तिच्या कानाला दोष देतो.

खोलीतल्या आवाजाचे हे शास्त्र तसे तरुण आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला एक काम दिले. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळत नव्हते. सॅबाइन रात्री, शहर झोपल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या उचलून त्या खोलीत आणायचा, थोड्या थोड्या वाढवत जायचा आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून त्याला नियम सापडला: खोलीचे घनफळ जितके जास्त तितका आवाज रेंगाळतो, आणि शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका लवकर विरतो. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल याच नियमावर बांधला गेला. या शास्त्राची सुरुवात गाद्यांपासून, कापडापासून झाली, हे कापडाच्या गावाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या त्या खोलीत आवाज एका सेकंदाच्या आत विरावा असे वाटत असेल तर पंधरा विद्यार्थ्यांखेरीज जाड, चुण्या घातलेला पाचशे-सहाशे चौरस फूट पडदा लागेल. भिंतींचे एकूण क्षेत्र बाराशे चौरस फूट आहे, म्हणजे जवळजवळ निम्म्या भिंती. मोठ्या शहरांतून ध्वनिशोषक फळ्या मागवायच्या तर खर्च ऐकून समिती विषयच पुढे ढकलते. पण ज्या गावाच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, जिथे जाड सुती कापड मागावरून थेट घेता येते, त्या गावाला यासाठी बाहेर पाहावे लागू नये. सोलापुरी चादरीचे जाड विणीचे कापड किंवा टॉवेलचे कापड, अग्निरोधक प्रक्रिया करून, भिंतीपासून चार ते सहा इंच अंतर सोडून, भरपूर चुण्या घालून टांगावे. ते रुळावर सरकणारे असावे. गायनाला खोली थोडी गुंजली तर हवीच असते, तेव्हा पडदे मागे घ्यावेत. तबल्याच्या किंवा नाट्यवाचनाच्या वेळी पुढे ओढावेत. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. कापड वरच्या स्वरांना धरते. पखवाजाचा आणि डग्ग्याचा घुमार ते सोडून देते. त्यासाठी एखाद्या भिंतीवर मागे पोकळी ठेवून पातळ प्लायवूडचे तक्ते लावावेत. समोरासमोरच्या दोन भिंती अगदी समांतर असल्या तर टाळीचा आवाज दोघींमध्ये फडफडत राहतो. लहान रियाजखोल्यांत एक भिंत थोडी तिरकी घ्यावी, नाहीतर एका बाजूला पुस्तकांचे कपाट ठेवावे. तेही काम करते.

खोलीच्या आतला आवाज हा एक प्रश्न, बाहेर जाणारा आवाज हा दुसरा, आणि दोन्ही एक समजण्याची चूक सर्रास होते. पडदे लावले म्हणून हलगी शेजारच्या वर्गात ऐकू यायची थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागते. नऊ इंची विटांची गिलावा केलेली भिंत सुमारे पन्नास डेसिबल अडवते. हलगी-संबळाचा खोलीतला आवाज शंभर डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे पलीकडे पन्नास उरतातच, आणि शांत वाचनालयाला तेही जास्त आहेत. शिवाय दारावर हवेसाठी ठेवलेली झडप उघडी असेल तर सगळेच मुसळ केरात. भिंतीच्या क्षेत्रफळाचा एक टक्का जरी मोकळा राहिला तरी भिंत कितीही जाड असो, अडवणूक वीस डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून तालवाद्यांची खोली वाचनालय आणि परीक्षा विभाग यांच्यापासून दूर, मधे भांडार, जिना किंवा बोळ सोडून घ्यावी. दार भरीव असावे, चौकटीला रबराची पट्टी असावी आणि जमल्यास एकामागे एक दोन दारे असावीत. बाहेरचा आवाजही विसरू नये. पूर्व भागात यंत्रमागांची घरघर आहे, पुणे-हैदराबाद महामार्गाच्या कडेला अवजड वाहने आहेत. जागा निवडताना दिवसाच्या निरनिराळ्या वेळी तिथे नुसते उभे राहून ऐकावे.

ऊन हा सोलापूरचा स्वतःचा विषय. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. कलेच्या विभागाला बहुतेक ठिकाणी सर्वांत वरचा मजला मिळतो, कारण तो आवाज करतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खाली सोडतो ती नेमकी संध्याकाळी, तालमीच्या वेळेला. विभाग तळमजल्यावर, उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे असावा. नाचणाऱ्यांचे पायही तिथे कुणाच्या डोक्यावर पडत नाहीत. वरचा मजलाच मिळणार असेल तर गच्चीवर पांढरा परावर्तक थर आणि शक्य तर दुसरे छप्पर हवे. आपल्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर स्वस्त आणि परिणामकारक असतो. पण त्याची घरघर तंबोऱ्याला गिळते आणि त्याच्या दमट हवेने तबल्याची पुडी उतरते. नाटकाच्या दालनात तो चालेल, वाद्ये असतील तिथे नको. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा भोपळा पंढरपूरच्या आसपासच्या मळ्यांतून जातो. आपल्याच मातीतून गेलेली ही वाद्ये आपल्या महाविद्यालयांत कपाटावर, पंख्याच्या झोतात तडकून पडतात. वाद्यांसाठी बंद, सावलीतली, उन्हाच्या भिंतीपासून दूर अशी खोली ही चैन नाही.

भांडाराबद्दल थोडक्यात. नऊवाऱ्या, फेटे, धोतरे, घुंगरू, लेव्हल, फ्लॅट, पेट्या, दिवे यांना एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा तरी लागतो. घामाने भिजलेले कपडे वाळत घालायला दोरीची जागा हवी. नेपथ्य आत आणायचे दार सहा फूट रुंद आणि आठ फूट उंच हवे आणि त्याच्यापर्यंत टेम्पो पोचला पाहिजे.

मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि तिला जोडूनच स्वच्छतागृह, ही अट कुठल्याही काटकसरीत सुटता कामा नये. महोत्सवाच्या आधी तालमी रात्री आठ-साडेआठपर्यंत जातात. बार्शी-मोहोळकडून येणाऱ्या मुली शेवटच्या बससाठी अंधाऱ्या आवारातून एकट्या चालणार असतील, तर त्यांचे पालक त्यांना तालमीलाच पाठवणार नाहीत, आणि कितीतरी संघांत मुलींच्या भूमिका कापल्या जातात त्या यामुळेच. विभाग फाटकाजवळ असावा आणि वाटेवर दिवे असावेत. अपंग विद्यार्थ्यांसाठी एकास बारा उताराचा रॅम्प आता बहुतेक सभागृहांच्या दारापर्यंत येतो. तो रंगमंचापर्यंत मात्र जात नाही. जणू त्यांनी पाहायचेच, करायचे नाही. २०१६ च्या कायद्याने त्यांना जो हक्क दिला आहे त्यात रंगमंचावर चढणेही आले.

पैसे अगदीच नसतील तर काय करावे? मी म्हणेन, अंगण करा. १९८७ पासून गुरुकुल पद्धतीने शिकवत आलेल्या, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचा 'अंगणमंच' अनेक नामवंत रंगकर्मींच्या विद्यार्थिदशेचे साक्षीदार आहे. दिल्लीत इब्राहिम अल्काझींनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयासाठी रवींद्र भवनाच्या मागच्या अंगणात, झाडाखाली, 'मेघदूत' हा खुला रंगमंच उभा केला. सोलापूर तर कमी पावसाचा जिल्हा. ऑक्टोबर ते मे संध्याकाळी उघड्यावर बसणे इथे सुखाचे असते. कडुनिंबाची सावली, मागे एक भरीव भिंत, समोर दगडी पायऱ्या, लांबी उत्तर-दक्षिण म्हणजे मावळतीचा सूर्य कुणाच्याच डोळ्यांत जात नाही. शेजारी एक खोली आणि विजेचा खांब. भारूड, पोवाडा, गोंधळ, पथनाट्य हे सारे मुळात उघड्यावरचेच आहे, त्याला बंद दालनापेक्षा हे अंगणच मानवते.

मोठ्या सभागृहाला माझा विरोध नाही. मुलांनी कधीतरी मोठ्या रंगमंचावर, भरल्या घरासमोर उभे राहिलेच पाहिजे. त्यासाठी शहरात हुतात्मा स्मृती मंदिर आहे, निर्मलकुमार फडकुले सभागृह आहे. वर्षातले चार दिवस ती भाड्याने घेता येतात. तालमीची खोली रोज भाड्याने मिळत नाही. जवळजवळच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक चांगले दालन बांधले आणि वेळापत्रक वाटून घेतले, तर तेही चालेल; एकट्याने बांधलेल्या आणि बंद ठेवलेल्या सभागृहापेक्षा ते कितीतरी बरे.

पुढच्या प्रकरणांत मापे, नकाशे, साहित्याची निवड आणि टप्प्याटप्प्याने खर्च कसा करावा हे सविस्तर आले आहे. ते सगळे एकदम कुणाला जमणार नाही. पहिल्या वर्षी पडदे आणि दाराच्या रबरी पट्ट्या, दुसऱ्या वर्षी नृत्याची जमीन, असे केले तरी चालेल.

प्राचार्य आणि संस्थाचालक यांना माझी एकच विनंती आहे. इमारत समितीच्या पहिल्या बैठकीला, वास्तुरचनाकाराने पहिली रेघ ओढण्याआधी, गाणे, नाच आणि नाटक शिकवणाऱ्यांना बोलवा, आणि त्यांच्याबरोबर सध्या जिन्याखाली तालीम करणाऱ्या मुलांपैकी दोघा-तिघांनाही बोलवा. वेळापत्रक समोर ठेवून त्यांना विचारा की तुम्हाला आठवड्याला किती तास लागतात. त्यांचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि नकाशा त्या आकड्यावरून काढा.